ॲम्बॅसेडरच्या पेट्रोल इंजिनाला मागचे ऑइल सील असते का?

सातारकर (प्रश्न)

नमस्कार. वडिलांनी घेतलेली १९७८ सालची ॲम्बॅसेडर मार्क ३ आमच्याकडे अजून चालती आहे. मूळचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन अलीकडेच पूर्ण उघडून घेतले. सिलिंडर बोअर करून ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा घातल्या, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) २० थाऊ ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे बसवली आणि पॅकिंगचा संच सगळा नवा वापरला. गाडी ओढते उत्तम. परंतु तीनशे किलोमीटर होत नाहीत तोच क्लच हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकू लागले. रात्री खाली पुठ्ठा ठेवला, तर सकाळी त्यावर बशीएवढा डाग असतो. खंबाटकीचा घाट चढून आलो की त्या दिवशी डाग हमखास मोठा.

आमच्या मेस्त्रींचे म्हणणे असे, की मागचे सील गेले आहे, ते मागवा, मग गिअरबॉक्स उतरवू. अडचण अशी, की संचात गोल सील एकच होते आणि ते पुढे टायमिंग कव्हरमध्ये बसले. (तिथूनही थोडे पाझरतेच.) मागच्या सीलचे माप कोणाकडेच नाही. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर असल्याने गाडी तोंड वर करून उभी असते, हेही सांगून ठेवतो. हे सील नेमके कोठे मिळेल?

मिरजेचा फिटर

कोठेही मिळणार नाही, कारण आपल्या इंजिनाला ते मुळातच नाही.

हे इंजिन इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचे, तीन मेन बेअरिंगांचे, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये तीन जागी धरणारे आहे. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ओठाचे सील नसून, बोल्टला आटे असावेत तशी एक मळसूत्री खाच कापलेली असते. क्रँक फिरू लागला की मागे आलेले तेल ही खाच उलट पुढे ओढते आणि ते खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन पडते. खाचेभोवतीच्या घराला ती कोठेही टेकत नाही. मध्ये काही थाऊंचीच फट असते. किर्लोस्करवाडीच्या पंपाला ग्लँडमधली दोरी आवळून पाणी थांबवता येते, तसे इथे आवळण्याजोगे काहीच नाही. शिवाय ही खाच फिरतानाच काम करते. इंजिन बंद करून गाडी तोंड वर करून ठेवली, तर मागे साचलेले तेल त्या फटीतून निमूट बाहेर येते. आपला पुठ्ठा भिजतो त्यात या चढाचा मोठा वाटा असावा.

आता मुख्य मुद्दा. नव्या रिंगा सिलिंडरशी पुरत्या बसेपर्यंत जळलेला वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. ती वाट, म्हणजे ब्रीदर पाइप, इंजिनाच्या बाजूला पुढच्या टॅपेट कव्हरवर (ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणावर) असते. ती तुंबली, की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो आणि खाचेचे काही चालत नाही. चढावर इंजिनावर जोर आला की हे अधिकच होते. म्हणून इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढावे व तोंडावर पातळ कागद धरावा. कागद जोराने उडाला, तर आधी ब्रीदर साफ करावा. तेलाची पट्टीही सपाट जागी पाहावी, कारण चढावर ती खरे माप दाखवत नाही आणि माणूस उगाच जास्त तेल ओततो.

त्यानंतर इंजिन बाहेरून डिझेलने धुऊन, कोरडे करून, त्यावर टाल्कम पावडर मारावी आणि पाच-सहा किलोमीटर फिरून यावे, म्हणजे तेल कोठून येते ते पावडरीवर दिसते. मागचे टॅपेट कव्हर मॅनिफोल्डच्या खाली दडलेले असते. त्याचे कॉर्कचे पॅकिंग गळले तरी तेल ब्लॉकवरून मागे ओघळून क्लच हाऊसिंगशीच ठिबकते, आणि बिचाऱ्या क्रँकवर आळ येतो. हे कव्हर मधल्या एकाच बोल्टवर असते. तो जास्त आवळला तर पत्रा वाकतो आणि कॉर्क बाहेर सरकते.

हे सगळे करूनही गळती राहिलीच तर मात्र उघडावे लागेल. मेस्त्रींना एकच विचारावे, की मागच्या मेन बेअरिंगची कॅप याच ब्लॉकची आहे ना. खाचेभोवतीच्या घराचा खालचा अर्धा भाग त्या कॅपमध्येच असतो. दुसऱ्या ब्लॉकची कॅप लावली तर फट एका बाजूला मोकळी पडते, आणि मग कितीही शेलॅक (फटी बुजवायचा चिकट लेप) फासले तरी उपयोग होत नाही.

कुपवाडचा टर्नर

मागच्या बाजूबद्दल वरचे उत्तर पुरेसे आहे, म्हणून मी पुढच्या सीलबद्दल लिहितो; ते काम घरी होण्यासारखे आहे.

आधी क्रँक पुलीच्या नळीवर, जिथे सीलचा ओठ घासतो तिथे, नखाने चाचपून पाहा. नख अडकेल इतकी चकचकीत खाच पडली असेल तर नवे सीलही थोड्याच दिवसांत पाझरेल. अशा वेळी नळी लेथवर घासून तिच्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी. सील बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत, म्हणजे तेलाकडे, असली पाहिजे. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा ठेवून हलक्या हाताने सरळ ठोकावे. एका कडेला हातोडी मारली की सील तिरके बसलेच म्हणून समजा. ओठाला आधी इंजिन ऑइल लावावे. कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच जळतो.

बहुतेक मेस्त्री ज्यात चुकतात ती गोष्ट पुढेच आहे. कव्हरचे बोल्ट आधी घट्ट करायचे नाहीत. ते सैल ठेवून, तेल लावलेली पुली फिरवत-फिरवत सीलमध्ये घालायची, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येते, आणि मगच बोल्ट सारखे आवळायचे. आमच्याकडे आलेल्या एका गाडीचे सील तीनदा बदललेले होते. दोष सीलचा नव्हता, कव्हर एका बाजूला सरकलेले होते. क्रँकवरची तेल फेकणारी ताटली कव्हरच्या जोडीचीच आहे का, हेही पाहावे. नमदा असलेल्या जुन्या कव्हरची ताटली वेगळी आणि रबरी सीलच्या कव्हरची वेगळी. आणखी एक विनंती. या इंजिनाचे बोल्ट इंची आट्यांचे आहेत. हाताशी आहेत म्हणून मिलिमीटरचे बोल्ट त्यात घुसडू नयेत.

विट्याहून

याच कुळातले इंजिन असलेल्या जुन्या एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांसाठी मागे रबरी सील बसवण्याचे संच परदेशात मिळतात, परंतु ते क्रँकच्या मध्याशी अचूक जुळवावे लागतात. चार थेंबांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

सातारकर

फिटरकाका, आपला कागद उडाला, आणि चांगलाच उडाला. ब्रीदर पाइप काढून आत तार घातली, तर चिंधीचा बोळा बाहेर आला. इंजिन उघडे असताना धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी तो कोंबला असावा आणि काढायचा विसरला. मागच्या टॅपेट कव्हरचे कॉर्कही एका कोपऱ्यात दुमडलेले निघाले, ते बदलले. गाडी आता तोंड उताराकडे करून, चाकाला दगड लावून ठेवतो.

आठ दिवस झाले. पुठ्ठ्यावर सकाळी तीन-चार थेंब असतात, त्याहून जास्त नाही. गिअरबॉक्स उतरवणे तूर्त रद्द केले आहे. पुलीच्या नळीवर मात्र नख स्पष्ट अडकते. ती काढून रविवारी कुपवाडला घेऊन येतो, तेव्हा स्लीव्हसाठी सीलही सोबत आणायचे का, तेवढे कळवावे.

कुपवाडचा टर्नर

सील आणि कव्हर, दोन्ही आणावे. स्लीव्हने नळीचा व्यास थोडा वाढतो, तेव्हा ओठ किती ताणला जातो ते प्रत्यक्ष घालूनच पाहू.