पाचोळ्यातले जीव: फनेलमध्ये फारसं काही का पडत नाही, आणि खोटा विंचू नवीन जातीचा आहे हे ठरवायचं कसं?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक कुळागर (पोफळीची बाग) आणि त्याला लागून असलेली देवराई, अशा दोन जागी पाचोळ्यातल्या बारीक जिवांची पाहणी चालू आहे. दोन्हीकडे १ चौरस मीटरच्या पाच-पाच चौकटी. पाचोळा प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणतो आणि घरी केलेल्या टलग्रेन फनेलमध्ये (वरून दिवा लावून जिवांना खालच्या बाटलीत उतरवणाऱ्या नरसाळ्यात) घालतो. वर ९ वॅटचा एलईडी दिवा, मध्ये २ मिमीची जाळी, खाली ७० टक्के अल्कोहोलची बाटली. तीन दिवस ठेवतो.

बाटलीत मुंग्या आणि थोडे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक, बिनपंखी जीव) येतात, बाकी फार काही नाही. जे येतं तेही पिळपिळीत झालेलं असतं. आतल्या चिठ्ठीवरचं बॉलपेनचं अक्षर विरघळून गेलं. देवराईच्या एका चौकटीत मात्र चार स्यूडोस्कॉर्पियन मिळाले, म्हणजे शेपटी नसलेले खोटे विंचू: फिकट तपकिरी, सुमारे अडीच मिमीचे. ऑनलाइन फोटोंशी जुळत नाहीत. नवीन जात असू शकेल का? असेल तर पुढे काय करायचं?

चाळणी

आधी फनेल दुरुस्त करू. मुख्य घोटाळा दिव्यात आहे. एलईडी उजेड देतो पण ऊब जवळजवळ देत नाही, आणि पाचोळ्यातले जीव खाली उतरतात ते मुख्यतः वरून सरकत येणाऱ्या कोरडेपणामुळे आणि उष्णतेमुळे. तारेचा २५ किंवा ४० वॅटचा बल्ब लावा, पाचोळ्यापासून १५-२० सेंमी उंच. जास्त वॅटचा लावून लवकर उरकायला जाऊ नका. वरचा थर एकदम सुकला की माइट (कोळ्यांचे बारीक नातलग), स्प्रिंगटेलची पिल्लं आणि सावकाश चालणारे खोटे विंचू वाटेतच वाळून मरतात, बाटलीपर्यंत पोचतच नाहीत. पाचोळ्याचा थर ५-६ सेंमीपेक्षा जाड नको. पावसाळ्यातल्या ओल्या पाचोळ्याला तीन दिवस पुरत नाहीत, ५ ते ७ दिवस द्या. पान बोटांत कुरकुरीत मोडलं की झालं.

जाळीची चौकट फनेलच्या भिंतीला घट्ट बसवू नका, भोवती बोटभर फट ठेवा. हवा खेळली नाही तर वाफ भिंतीवर जमते आणि त्या थेंबांना स्प्रिंगटेल चिकटून बसतात. पाचोळा भरताना खाली रिकामी बाटली लावा. दहा मिनिटांत माती गळायची ती गळते. ती माती पुन्हा वर टाका आणि मगच अल्कोहोलची बाटली लावा, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली चिखलातून जीव वेचण्यात संध्याकाळ जाते.

जीव पिळपिळीत होण्याचं कारण पाणी. ओल्या पाचोळ्यातून पाणी ठिबकतं, शिवाय अल्कोहोल उडून जातं, म्हणजे तुमचे ७० टक्के दोन दिवसांत पन्नासच्या खाली. पावसाळ्यात सुरुवातच ९५ टक्क्यांनी करा, रोज सकाळी बाटली बदला, आणि जमलेले जीव लगेच ताज्या अल्कोहोलमध्ये हलवा. जिवांच्या दहापट तरी द्रव हवा.

प्लास्टिकची पिशवी बंद करा. आत वाफ धरते, गाडीत तापते, आणि गोम व मुंग्या वाटेतच बाकीच्यांचा फडशा पाडतात. पाचोळा जागेवरच १ सेंमी जाळीच्या चाळणीतून झटकून घ्या. मोठी पानं आणि काटक्या तिथेच राहतात, एका चौकटीचा ऐवज लिटर-दोन लिटरवर येतो. तो सुती पिशवीत घालून सावलीतून न्या आणि त्याच संध्याकाळी फनेलमध्ये घाला.

विंकलर पिशवी, म्हणजे पाचोळा टांगून वाळवायची आणि जीव खाली गोळा करायची कापडी पिशवी, वीज गेली तरी चालते, म्हणून बरेच जण सुचवतात. पण ती हवेवर वाळते आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडची हवाच ओलीचिंब असते. नेहमीच्या ४८ तासांत काम होत नाही. बंद खोलीत पंखा लावून, आतला पाचोळा रोज काढून, हलवून परत भरावा लागतो.

अष्टपाद

खोट्या विंचवांबद्दल. नवीन की जुनी, हा प्रश्न नंतरचा. आधी चौघांत प्रौढ किती ते पाहा, पिल्लांवरून सहसा जात सांगता येत नाही. खूण सोपी आहे, पण नजर लागते. चिमट्याच्या दोन्ही बोटांवर बारीक खळगीतून उगवलेले लांब, सरळ, हवेच्या झोताने थरथरणारे केस असतात, त्यांना ट्रायकोबोथ्रिया म्हणतात. साध्या केसाच्या बुडाशी अशी कपासारखी खळगी दिसत नाही. बहुतेक कुळांत प्रौढाच्या स्थिर बोटावर असे ८ आणि हलत्या बोटावर ४ केस असतात. ७ आणि ३ मोजले तर तो शेवटच्या अवस्थेतला बाल जीव, ६ आणि २ तर त्याच्या आधीचा, ३ आणि १ तर सगळ्यात लहान. काही गटांत प्रौढालाही कमी किंवा जास्त केस असतात, म्हणून मोजण्याआधी कूळ ठरवा.

हे दिसायला नमुना पारदर्शक व्हावा लागतो. एका बाजूचा चिमटा अलगद सोडवून लॅक्टिक अॅसिडमध्ये ठेवा, काही तास ते एक-दोन दिवस, मधूनमधून तपासत. मग खळगीच्या स्लाइडवर ग्लिसरीनमध्ये घेऊन ४०० पट वर्धनाखाली पाहा. सपाट स्लाइडवर कव्हरस्लिप थेट टेकवली तर चिमटा चेपतो आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर बिघडतं. जातीच्या वर्णनात तेच गुणोत्तर मोजलेलं असतं. दुसरा चिमटा आणि बाकी शरीर शाबूत ठेवा.

आता फोटो न जुळण्याचं. त्याला फार वजन देऊ नका. भारतातल्या बहुतेक खोट्या विंचवांचे जिवंतपणीचे फोटो ऑनलाइन नाहीतच. ओळख जुन्या वर्णनांतून आणि रेखाटनांतून करावी लागते. सुरुवात मूर्ती आणि अनंतकृष्णन यांच्या १९७७ च्या भारतीय जातींवरच्या ग्रंथापासून करा, मग खोट्या विंचवांच्या जागतिक कॅटलॉगमधून त्या वंशाच्या सगळ्या आशियाई जातींची यादी काढा आणि प्रत्येकीचं मूळ वर्णन मिळवा. श्रीलंका आणि म्यानमारच्या जाती गाळू नका. माक्स बाइअर यांनी वर्णिलेल्या जातींचे बरेच मूळ नमुने व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. वर्णन अपुरं वाटलं तर तिथून छायाचित्रं मागवावी लागतात.

डीएनए बारकोडिंगबद्दलही (जनुकाच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याबद्दलही) तेच. सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा काढला आणि डेटाबेसमध्ये जुळणारं काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की या जातीचा तुकडा अजून कोणी टाकलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या जातीचंही असं होऊ शकतं. बारकोड उपयोगी पडतो तो नर, मादी आणि पिल्लू एकाच जातीचे आहेत का हे जुळवायला.

चार नमुन्यांवर थांबू नका. त्याच जागी आणखी पाहणी करून नर-माद्या दोन्ही मिळवा. एकाच नमुन्यावर वर्णन करता येतं, पण वेगळेपणा जातीचा की त्या एका जिवाचा, हे मग कळत नाही.

सत्तरीकर

मनापासून आभार. दोन शंका. शुद्ध अल्कोहोल सहज मिळत नाही, तर दवाखान्यातलं स्पिरिट किंवा कडक फेणी चालेल का? आणि पाच चौकटींचा पाचोळा एकत्र करून एकच मोठा नमुना केला तर?

चाळणी

फेणी नको. तिच्यात अल्कोहोल साधारण ४०-४५ टक्के, त्यात मऊ शरीराचे जीव कुजतात. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल आणीबाणीत चालतं, पण सांधे कडक होतात आणि डीएनएचा भरवसा नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फत ९५ टक्के इथेनॉल मिळवणं बरं. रचना पाहण्यासाठी ठेवायचे नमुने ७०-८० टक्क्यांत ठेवा: १०० मिली ९५ टक्क्यांत ३६ मिली ऊर्ध्वपातित पाणी घातलं की सुमारे ७०, १९ मिली घातलं की ८०. डीएनएसाठीचे ९५ मध्येच, फ्रीजरमध्ये. फॉर्मलिन दोन्हीसाठी टाळा. त्यात डीएनए तुटतो आणि बारीक गोगलगायींचे शंख झिजतात.

चिठ्ठी जाड कार्ट्रिज कागदाची, पेन्सिलीने लिहिलेली, आणि बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेली पावसाळ्यात सुटते. लेझर प्रिंटची अक्षरं अल्कोहोलमध्ये कधीकधी सुटून तळाशी जमतात. राज्य, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश दशांशात पाच आकड्यांपर्यंत, उंची, तारीख, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव, एवढं हवंच. महिना रोमन अंकात लिहा, म्हणजे ७ आणि ८ मध्ये दिवस कोणता, महिना कोणता हा घोळ होत नाही.

चौकटी अजिबात एकत्र करू नका. किती जाती अजून हाती लागायच्या आहेत याचा अंदाज काढताना एकेकच नमुना मिळालेल्या जातींची संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला दोन-दोनच नमुने मिळालेल्या जातींच्या दुप्पट संख्येने भागा आणि उत्तर आढळलेल्या एकूण जातींत मिळवा. हा चाओ-१. समजा ४० जाती मिळाल्या, त्यांत १२ एकेकट्या आणि ६ दुकट्या, तर १४४ भागिले १२, म्हणजे निदान १२ जाती अजून बाकी. मुंग्यांसारख्या थव्याने राहणाऱ्यांना हे गणित फसतं, एका चौकटीत वारूळ आलं की दोनशे. त्यांच्यासाठी नमुन्यांऐवजी किती चौकटींत आढळल्या ते मोजतात, आणि चौकटी वेगळ्या ठेवल्या असतील तरच ते जमतं.

रायकार

कुळागराच्या मालकाला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) कधी मारलं ते विचारा. कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळण्याच्या रोगासाठी) पोफळींवर १ टक्का बोर्डो पावसाच्या तोंडाला आणि मग साधारण ४०-४५ दिवसांनी पुन्हा मारतात, आणि ते तांबं पाचोळ्यात उतरतं. गोगलगायींना तांबं सोसत नाही. कुळागरात जीव कमी आणि देवराईत जास्त आले, तर फरक झाडीचा की फवारणीचा हे नोंदीशिवाय सांगता येणार नाही. पाटाच्या पाण्याने भिजणारा भाग आणि कोरडा भाग यांच्याही चौकटी वेगळ्या धरा.

देवराईत पाऊल टाकण्याआधी गावकार आणि महाजनांना (गावच्या आणि देवस्थानाच्या मानकऱ्यांना) भेटा. बांबरच्या निरंकाराच्या रायीसारखी रान-जायफळाची पाणथळ रानं टिकली ती गावाच्या श्रद्धेमुळे. काय नेणार, किती नेणार ते स्पष्ट सांगा, आणि चाळून उरलेली पानं त्याच चौकटीत परत पसरा. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवा. जागा म्हादई, मोले, बोंडला, खोतीगाव किंवा नेत्रावळी अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली लेखी परवानगी लागते. वनजमिनीवरचा पाचोळा आणि वरची माती हेही कायद्याने वनोत्पन्नच.

नवीन ठरलंच तर जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन जातीची माहिती देऊन नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांतलंच, त्याचं एक केंद्र पुण्यात आहे. परदेशी तज्ज्ञाला नमुना हवा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करा. टपालात घालून मोकळे होऊ नका, फोटो आणि मोजमापं पाठवून बरंच काम होतं.

नाव शोधनिबंध छापून येईपर्यंत समाजमाध्यमांवर किंवा वर्तमानपत्राला देऊ नका. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे १९९९ नंतरच्या नव्या जातीला मूळ नमुना नेमून दाखवणं आणि तो कुठे ठेवला हे लिहिणं बंधनकारक आहे. निबंध केवळ ऑनलाइन निघत असेल तर झूबँकमधली (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली) नोंदणीही निबंधातच दिसायला हवी. आपल्या मुलखाचं नाव द्यायला मात्र काही अडचण नाही: २०१३ साली गोव्याच्या सह्याद्रीतून वर्णन झालेल्या चतुराचं नाव इडिऑनिक्स गोमंतकेन्सिस आहे.

आणि चारपैकी एक नमुना आजच ९५ टक्क्यांत वेगळा काढून ठेवा. चारही ७० मध्ये पडून राहिले तर डीएनएसाठी पुन्हा पाऊस पडायची वाट पाहावी लागेल.