सोसायटीच्या फळ्यावर हवेचा कोणता आकडा लिहावा? एक अ‍ॅप १०० म्हणतं, दुसरं १५४

फलकवाला

पुण्यातल्या सोसायटीत दिवाळी ते होळी या काळात फाटकाजवळच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज हवेची नोंद द्यायची ठरली आहे. अडचण पहिल्याच पायरीला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर आकडा १००, शेरा ‘समाधानकारक’, रंग हिरवा. परदेशी अ‍ॅपवर त्याच मोजणी केंद्राच्या नावाखाली १५४ आणि रंग लाल. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकांच्या मते सरकार लपवतंय, दुसऱ्यांच्या मते परदेशी अ‍ॅप घाबरवतंय.

फळ्यावर कोणता आकडा लिहावा? सकाळी ६ ला फिरायला निघणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा उपयोग व्हायला हवा. शिवाय गच्चीवर एखादा स्वस्त सेन्सर लावावा का, असंही काही जण विचारत आहेत.

मोजपट्टी

दोन्ही अ‍ॅप खरं बोलत असू शकतात. हवा एकच, पट्ट्या दोन.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्यांचं प्रमाण हवेत ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे असं धरा. आपल्या पट्टीत ६० ला हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) बरोबर १०० येतो, कारण २००९ च्या राष्ट्रीय मानकात २४ तासांची मर्यादाच ६० आहे. अमेरिकेच्या २०२४ मध्ये सुधारलेल्या पट्टीत ५५.५ ते १२५.४ या टप्प्याला १५१ ते २०० हा निर्देशांक मिळतो, म्हणून ६० ला १५४. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस तर १५ ची आहे. म्हणजे लपवाछपवी नाही आणि घाबरवणंही नाही. निर्देशांक हा मोजलेल्या प्रमाणाचा अनुवाद असतो आणि इथे अनुवादक दोन आहेत.

म्हणून फळ्यावर आधी मायक्रोग्रॅममधलं प्रमाण लिहा. निर्देशांक द्यायचाच तर फक्त भारतीय द्या आणि ‘भारतीय पद्धत’ असं शेजारी लिहा. दोन पट्ट्यांचे आकडे एका फळ्यावर कधीच नकोत. स्क्रीनशॉटमधला रंगही उचलू नका: या उदाहरणात एक पट्टी हिरवी दाखवते आणि दुसरी लाल.

शेऱ्याचे शब्द जास्त घोटाळा करतात. आपल्याकडे १०१ ते २०० ला ‘मध्यम’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं, ठीक आहे, चालेल. पण त्याच गटाची अधिकृत सूचना सांगते की दमा, फुप्फुसाचे किंवा हृदयाचे विकार असणाऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. ‘समाधानकारक’मध्येसुद्धा संवेदनशील लोकांना किरकोळ त्रास गृहीत धरलेला आहे. गटाचं नाव वगळलं तरी चालेल, ही सूचना वगळू नका.

धूळवाट

वरच्या उत्तरात एक भर, नाहीतर ‘परदेशी पट्टी नेहमी कडक’ असा नवाच गैरसमज होईल. जाड धुळीच्या, म्हणजे पीएम १० च्या (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) बाबतीत उलट आहे. पीएम १० चं प्रमाण १५० असेल तर आपल्या पट्टीत १३३ येतात, अमेरिकी पट्टीत ९८.

आता पीएम २.५ = ५० आणि पीएम १० = १५० असा दिवस घ्या. भारतीय उपनिर्देशांक, म्हणजे प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा निर्देशांक, ८३ आणि १३३. यात सरासरी काढत नाहीत, सगळ्यात मोठा उपनिर्देशांक तोच दिवसाचा निर्देशांक. म्हणून १३३, कारण धूळ. अमेरिकी पद्धतीत १३७ आणि ९८, म्हणून १३७, कारण बारीक कण. आकडे जवळजवळ सारखे, पण सांगणं वेगळं! पहिला आकडा वाचणारा बांधकाम आणि रस्त्याकडे बोट दाखवेल, दुसरा वाचणारा धुराकडे.

त्यामुळे आकड्याशेजारी ‘मुख्य प्रदूषक’ लिहिणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढची कृती त्यावरच ठरते. पीएम १० मुख्य असेल तर कोरडा झाडू बंद करून आधी पाणी शिंपडणं, वाळूच्या ढिगावर ताडपत्री, डंपर झाकून आणायला लावणं. पीएम २.५ मुख्य असेल तर पालापाचोळा आणि कचरा जाळणं थांबवणं, पहारेकऱ्यांच्या शेकोटीला पर्याय देणं, फाटकावर गाड्यांची इंजिनं बंद ठेवायला सांगणं. नुसतं ‘आज १३३’ वाचून कुणीच काही करत नाही.

सकाळची_पाळी

सहाला फिरणाऱ्यांसाठी खरा दगा वेळेचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी ४ ला निघतं आणि त्यात मागच्या २४ तासांची सरासरी असते. आज सकाळी फळ्यावर ते उतरवलंत, तर परवा दुपार ते काल दुपार या काळातली हवा तुम्ही आजची म्हणून सांगताय.

सरासरी शिखरं झाकते. कल्पित उदाहरण: पीएम २.५ चार तास १५० आणि उरलेले वीस तास ४२. बेरीज ६०० + ८४०, भागिले २४, म्हणजे ६०. निर्देशांक १००, ‘समाधानकारक’. थंडीत ते वाईट चार तास बहुधा पहाटे आणि सकाळीच येतात, कारण जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, वारा पडलेला असतो आणि त्यातच शेकोट्या व वाहतूक सुरू होते. ऊन चढलं की थर मोडतो.

मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रानुसार तासातासाचे आकडे मिळतात. सकाळी ५ ते ६ चं प्रमाण आणि कालची सरासरी असे दोन रकाने करा. तासाच्या प्रमाणावरून निर्देशांक मात्र काढू नका, पट्टी २४ तासांसाठी बनवलेली आहे.

गच्चीवरचा_डबा

सेन्सरबद्दल. स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. आर्द्रता साधारण ८०-८५ टक्क्यांपुढे गेली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा वाढून येतो. धुक्याच्या सकाळी ग्रुपवर जी घबराट पसरते, तिच्यातला काही भाग या फुगवट्याचा असतो. उलट जाड धूळ त्यांना नीट दिसतच नाही. शेजारी बांधकाम चालू असताना सेन्सरचा पीएम १० चा आकडा दाखवून ‘बघा, धूळ नाही’ म्हणणं चूक, आणि बिल्डरनेही तसं म्हटलं तर मान्य करू नका.

तरी घ्यायचाच तर एकाच बनावटीचे दोन घ्या. आठवडाभर शेजारी शेजारी ठेवा. फरक १५ टक्क्यांच्या वर गेला तर ते फळ्यासाठी वापरू नका. जागा सावलीची आणि वारा खेळता असलेली हवी, जनरेटर आणि स्वयंपाकघरांच्या धुराड्यांपासून लांब. आतला पंखा धुळीने जाम होतो, तोही पाहत राहा. त्यांचा उपयोग चढउतार पाहण्यापुरता: कालच्या सहापेक्षा आज सहाला जास्त की कमी. नेमक्या प्रमाणासाठी सरकारी केंद्रच.

फलकवाला

सगळ्यांचे आभार. मसुदा असा केला आहे:

‘आज सकाळी ५ ते ६: बारीक कण (पीएम २.५) ___ मायक्रोग्रॅम. काल दुपारी ४ पर्यंतची २४ तासांची सरासरी: ___. देशाची मर्यादा ६०. मुख्य प्रदूषक: धूळ / बारीक कण. दमा किंवा हृदयविकार असल्यास ऊन चढल्यावर फिरा. मास्क लावल्यास सुरक्षित.’

मोजपट्टी

शेवटचं वाक्य काढा. कापडी मास्क बारीक कण फारसे अडवत नाही. एन ९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. ‘बाहेर पडणं टाळता येत नसेल तर घट्ट बसणारा एन ९५’ असं लिहा.

‘देशाची मर्यादा’ सरासरीच्या रकान्यालाच जोडा. आत्ता ती तासाच्या आकड्यालाही लागू आहे असं वाचलं जातं. आणि केंद्राचं नाव राहिलं. आकडा शिवाजीनगरचा असेल तर ‘शिवाजीनगर केंद्र’ असं लिहा, सोसायटीतून ते किती किलोमीटरवर आहे हेही द्या. यंत्र बंद असेल त्या दिवशी ‘आज नोंद नाही’ लिहा, कालचा आकडा पुसायला विसरू नका.