नऊशे किलोमीटर एका दमात, आणि मुक्काम लागणाऱ्यानं म्हणे गाडी विकावी!

गिरणाकाठ (जळगाव)
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सार: भाऊबीज झाली की जळगावहून गोकर्णला स्वतःच्या गाडीनं जायचं. संध्याकाळी सातला निघा, रात्रभर हाणा, सकाळी दहाला समुद्रात पाय. नऊशेच्या वर किलोमीटर, चालवणारा एकच. आणि शेवटी हे रत्न: 'ज्याला मध्ये मुक्काम लागतो त्यानं गाडी विकावी आणि रेल्वेचं तिकीट काढावं.' त्याखाली अंगठ्यांचा पाऊस.

भाऊ, जरा घड्याळ लावून बघू. सातला जळगाव सोडलं तर पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड करत संभाजीनगर साडेदहा. तेही कुठं न थांबता. बीड पाऊण-एक. येडशी, धाराशिव, तुळजापूर करून सोलापूर पहाटे चारच्या आसपास. म्हणजे झोप सर्वांत जड असते ते दोन ते पाच तुम्ही नेमके या पट्ट्यात. विजयपूर सहा, हुबळी साडेनऊ. दहाला तुमचे पाय समुद्रात नाहीत, हुबळीच्या ट्रॅफिकमध्ये आहेत. आणि खरी गंमत पुढंच. येल्लापूरनंतर अरबैल घाट उतरायचा आहे, ट्रकांच्या रांगेत, वळणावळणाचा. तिथं पोचेपर्यंत तुम्ही आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून जागे असता. ताशी शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटरच्या वर गाडी कोणीच चालवत नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. किलोमीटर मोजून बेत आखू नका, तास मोजा. पहाटे पाचला निघा, चार वाजेपर्यंत विजयपूर गाठा, खोली घ्या, झोपा. घाट दुसऱ्या दिवशी उजेडात उतरा. यात भित्रेपणा कुठं आला?

नॉनस्टॉप एमएच 19
पोस्ट माझीच होती, नाव घ्यायला लाजू नका.

घड्याळ छान लावलंत. आता माझंही ऐका. तुमच्यासारखी आठ दिवसांची रजा माझ्या नशिबात नाही, दुकान आहे. भाऊबीजेनंतर चार दिवस मिळतात. त्यातले दोन जाताना आणि दोन येताना मुक्कामात घालवू, मग गोकर्ण काय नकाशात बघू? रात्री रस्ता मोकळा असतो. उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले नाहीत, बाजाराच्या गावातली गर्दी नाही, ऊन नाही, एसीवर इंजिन ओढत नाही, पोरं मागं गाढ झोपलेली. दिवसा तीच पोरं दर अर्ध्या तासाला 'अजून किती' विचारून जीव खातात. आणि दिवाळीत हॉटेलवाले खोलीचे काय भाव लावतात ते माहीत आहे ना?

मी वर्षानुवर्षं असाच जातो. अजून ओरखडा नाही.

डेपोतले आप्पा
'ओरखडा नाही' असं म्हणणारे पुष्कळ पाहिले. उरलेले बोलायला राहिले नाहीत.

उभी हयात एसटी चालवली, म्हणून दोन शब्द. ज्यांचा धंदाच गाडी चालवणं आहे त्यांच्यासाठी 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा आहे. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांवर चालवायचं नाही, मध्ये अर्धा तास विश्रांती. तो कायदा सगळीकडे पाळला जातो असं मी म्हणणार नाही, हसाल. पण रोज चालवणाऱ्याला आठ तास पुरे म्हणतात, आणि वर्षातून दोनदा हायवेला लागणारा कापडाचा दुकानदार पंधरा तास मागतो.

नॉनस्टॉप एमएच 19
कापडाचं नाही आप्पा, हार्डवेअरचं.

डेपोतले आप्पा
मग हेल्मेट तरी विकत असशील.

एमएच 18 धुळे
सगळं ठीक, पण तुम्ही अजिंठ्याच्या घाटातून का मरता? राष्ट्रीय महामार्ग 52 धुळ्यातून जातो. धुळे, चाळीसगाव, कन्नड, संभाजीनगर, सोलापूर, विजयपूर, हुबळी, थेट अंकोल्याला समुद्रावर. नंबर बदलत नाही. गोकर्णचा रस्ता आमच्या दारातून जातो आणि तुम्ही आडवाटेनं.

गिरणाकाठ (जळगाव)
जळगावहून आधी नव्वद किलोमीटर पश्चिमेला धुळ्याला यायचं, तुमच्या दाराला नमस्कार करायचा आणि मग दक्षिणेला वळायचं? उत्तम.

चाळीसगावकर
धुळ्याला कशाला? जळगावहून पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि वर कन्नड. आमच्या या कन्नड घाटातून जड वाहनांना 2023 पासून कोर्टानं बंदी केली आहे, त्यामुळे कारवाल्यांना आता घाट पूर्वीसारखा छळत नाही. आधी एखादा ट्रेलर वळणावर अडकला की अर्धा दिवस तिथंच. लग्नाची वऱ्हाडं घाटात अडकून मुहूर्त टळलेले आहेत आमच्याकडे.

पहूर पेठ
चाळीसगावकर, 2021 च्या ऑगस्टची 31 तारीख विसरलात? त्याच घाटात दरड कोसळली होती, गाड्या मलब्यात. पावसाळ्यात तुमचा घाट मला नको. अजिंठ्याचा घाट लहान आहे, पटकन संपतो.

चाळीसगावकर
अजिंठ्याचा घाट संपतो हो, पण त्या रस्त्याचं काम संपायला किती वर्षं गेली? एका बाजूला सिमेंट, दुसऱ्या बाजूला खोदलेलं, मध्ये धुळीतून एसटी. त्या काळात माझ्या गाडीचं सस्पेन्शन गेलं ते गेलंच. रात्री तर कुठल्या बाजूनं जायचं हेच समजायचं नाही. आणि दिवाळीच्या प्रवासाला पावसाळ्याचा दाखला कसला देता?

पहूर पेठ
दिवाळीत पाऊस पडत नाही हे तुम्ही ढगांना कळवलंय का?

भुसावळ जंक्शन
तुम्ही दोघं घाटांवर भांडा. मूळ दुखणं वेगळं आहे. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला, दहा जिल्ह्यांतून गेला, खान्देशातल्या एकाही जिल्ह्याला शिवला नाही. बुलढाणा, जालना, संभाजीनगर. आमच्या दक्षिणेला डोंगरापलीकडून निघून गेला. आम्ही सातमाळा-अजिंठ्याची रांग ओलांडल्याशिवाय कुठंच निघू शकत नाही, हे कोणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. जळगाव शहरात महामार्गाच्या समांतर रस्त्यांसाठी किती आंदोलनं झाली ते आठवा. माणसं मेली तेव्हा कुठं हललं. केळी आमची दिल्लीपर्यंत जातात आणि आम्हाला मुंबईला जायला आधी संभाजीनगरजवळच्या सावंगीला जाऊन समृद्धी पकडावी लागते.

एमएच 18 धुळे
मुंबईला सावंगीहून? धुळे, चांदवड, नाशिक, कसारा. चार पदरी. आमच्याकडे या, रस्ता दाखवतो.

भुसावळ जंक्शन
आम्ही पारोळा, एरंडोल करत तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत समृद्धीवाला इगतपुरीला चहा पितो.

नंदुरबार
चालू द्या भो तुम्हनं. आम्हना नंदुरबारले कोनी इचारस का? तुमच्या लेखी खान्देश पारोळ्याला संपतो. आम्ही नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट रोज बघतो. सुरतेचे ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये सोडतात. समृद्धी गेली नाही म्हणून रडता, आमच्या पाड्यांवर अजून चार महिने गाडी जात नाही.

टायरवाला
भाऊ लोकहो, कुठून जायचं ते ठरवा, पण आधी गाडीकडं बघा. दिवाळीआधी माझ्याकडं रांग लागते, सगळ्यांना फक्त अलाइनमेंट पाहिजे. टायर बघत नाही कोणी. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3218 असेल तर 2018 चा बत्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून लोक असल्या टायरवर सिमेंटच्या रस्त्यानं शंभरनं जातात. रबर म्हातारं झालेलं असतं, वरून दिसत नाही. पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं, पूर्ण लोडचा आकडा वेगळा. हवा गार टायरमध्ये मोजा, पन्नास किलोमीटर पळवून आणून नाही. आणि स्टेपनी! तिच्यात हवा असते हे कोणी गृहीत धरू नका. सीएनजीवाले तर डिकीत सिलिंडर, त्यावर बॅगा, त्याखाली कुठंतरी जॅक. रात्री दोनला बीडच्या पुढं पंक्चर झालं तर अख्खा संसार रस्त्यावर मांडावा लागेल.

नॉनस्टॉप एमएच 19
हे मान्य. टायर माझे नवे आहेत. आता बोला.

अमळनेरची लेक
आता मी बोलते, कारण इथं कोणी विचारलंच नाही की गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या बाईचं काय.

तुमचं 'पोरं मागं गाढ झोपलेली' वाचलं. पोरं झोपतात हो, त्यांची आई झोपत नाही. ती ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवते. चार वर्षांपूर्वी आमच्याकडं हाच प्रताप झाला, फक्त दिशा उलटी, उज्जैन. नवरा म्हणाला, रात्रीच मोकळा रस्ता. बिजासन घाटाच्या अलीकडं बारा वाजता मला जायचं होतं. पंप होता, स्वच्छतागृहाला कुलूप. चावी मॅनेजरकडं, मॅनेजर घरी. पुढच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांची खाटांवर रांग, बाईमाणूस एक नाही. मी पाणी पिणं बंद केलं. त्याच्याही आधी, जेवायला थांबलो तेव्हाच, कमी प्यायले होते. दर वेळी असंच करतो आम्ही. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि 'आपण कुठंही न थांबता पोचलो' अशी पोस्ट टाकतात.

तुमच्या वेळापत्रकात बीड, सोलापूर, हुबळी आहे. बाईला कुठं थांबता येईल ते एकाच्याही नाही. गिरणाकाठ भाऊ, तुमच्याही नाही.

गिरणाकाठ (जळगाव)
ताई, म्हणूनच तर दिवसा म्हणतोय ना.

अमळनेरची लेक
दिवसा कुलूप नसतं, पण आत जाण्यासारखं असतं का? दर दोन तासांनी चांगलं ठिकाण, आधी घरच्या बाईला विचारून ठरवा. मग घाट कुठला ते बघा.

नॉनस्टॉप एमएच 19
ताई, आमच्या मिसेसनं कधी तक्रार केली नाही.

अमळनेरची लेक
त्यांना फोन द्या.

पारोळा
जेवणाचा विषय कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा घ्या. ढाब्यावर शेवभाजी मागायची नाही. खान्देश सोडला की शेवभाजी म्हणून टोमॅटोच्या रश्श्यात फरसाण टाकून देतात.

पहूर पेठ
खान्देशातही हायवेवर बऱ्याच ठिकाणी तेच देतात. तेलाचा तवंग म्हणजे काळा मसाला नव्हे. आणि रात्री शेवभाजी, चार भाकरी हाणून स्टेअरिंगवर बसलात तर झोप यायला दोन वाजायची वाट बघावी लागत नाही.

फास्टॅगधारी
एक उपयोगाचं. 15 ऑगस्ट 2025 पासून टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, सुरुवातीला तीन हजारांचा होता, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फेरी म्हणजे जाऊन येऊन नव्हे, एक टोलनाका ओलांडला की एक फेरी. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या टोलला चालतो. समृद्धीवर चालत नाही, तिथं नेहमीसारखे पैसे कटतात. मागच्या आठवड्यात एक नातेवाईक सावंगीला चढले आणि पास असूनही पैसे गेले म्हणून मला फोनवर शिव्या. अडचणीत 1033 लावा, महामार्गाची मदत येते. रुग्णवाहिका 108.

भुसावळ जंक्शन
बघा, समृद्धीवर पासही नाही. खान्देशावर अन्याय.

फास्टॅगधारी
दादा, तो सगळ्यांनाच नाही.

डेपोतले आप्पा
आणखी एक राहिलं. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागतो. धाराशिव, सोलापूर, विजयपूर, सगळा पट्टा कारखान्यांचा. रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. समोरून अप्पर, म्हणजे दिव्याचा मोठा झोत मारणारा ट्रक आला की ती ट्रॉली दिसतच नाही. 'रात्री रस्ता मोकळा' म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. मी घाटांना कधी भ्यालो नाही, उसाला भ्यालो.

नॉनस्टॉप एमएच 19
आप्पा, हे उसाचं मात्र खरं. मागच्या वेळी तुळजापूरच्या पुढं एक अशी ट्रॉली अगदी शेवटच्या क्षणी दिसली होती. ब्रेक लागला, विषय संपला.

ठीक आहे. तुम्हा सर्व विद्वानांच्या आग्रहास्तव यंदा विजयपूरला मुक्काम करतो. खोलीचं भाडं वर्गणी काढून पाठवा. दुकान एक दिवस जास्त बंद राहील, त्याचंही बघा कोणी. आणि 'गाडी विका' हे वाक्य मी मागं घेत नाहीये, ते इतरांसाठी आहे.

गिरणाकाठ (जळगाव)
मागं घेऊ नका, फक्त पहाटे निघा.

नॉनस्टॉप एमएच 19
पहाटे पाचला निघालो तर अजिंठा की कन्नड?

चाळीसगावकर
कन्नड.

पहूर पेठ
डोकं ठिकाणावर आहे का? अजिंठा.

एमएच 18 धुळे
धुळ्याला या, नाश्ता माझ्याकडं.