आयसवाले (अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचे अधिकारी) डिपार्टमेंटच्या काउंटरवर आले तर काय बोलायचं?

समीर_एमएस: मी अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शिकतोय, दुपारी डिपार्टमेंटच्या फ्रंट डेस्कवर कॅम्पस जॉब. परवा साध्या कपड्यांतले दोघं आले, कमरेला बॅज. एका मुलीचं नाव घेऊन म्हणाले, "हिचा आत्ता क्लास कुठल्या खोलीत आहे?" तेवढ्यात मॅनेजर बाहेर आली म्हणून सुटलो. मी एकटा असतो तर? नाही म्हटल्याने माझ्याच व्हिसाचे वांधे होतात का?

रजिस्ट्रारवाली ताई: समीर, तू नाही म्हणूच नकोस. "ही माहिती द्यायचा अधिकार मला नाही, ज्यांना आहे त्यांना बोलावतो," एवढं म्हण आणि फोन उचल. हे खरंच आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कुणाचं टाइमटेबल सांगणं फेर्पाखाली येतं, विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड गुप्त ठेवणारा १९७४ चा कायदा आहे. मी रेकॉर्ड्समध्ये बसते. आमच्याकडे सबपीना (माहिती द्यायचा लेखी आदेश) आला तरी आम्ही तो आधी युनिव्हर्सिटीच्या वकिलांकडे पाठवतो. आयसने स्वतः काढलेला सबपीना कोर्टात गेल्याशिवाय सक्तीचा होत नाही.

कागद पुढे केला तर शांतपणे वाच. वर डिस्ट्रिक्ट कोर्टाचं नाव आणि खाली जजची सही आहे का, एवढंच बघायचं. कोपऱ्यात "आय-२००" (आयसचं स्वतःचं अटक वॉरंट) असेल तर सही त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची असते. त्यावर लॉबीत अटक होऊ शकते, पण कुलूपबंद ऑफिसात शिरायचा हक्क त्याने मिळत नाही, असंच कोर्टं मानत आली आहेत. तरी ते आत घुसलेच तर आडवा जाऊ नकोस. वेळ, बॅज नंबर लिहून ठेव.

आणि कृपा करून "ती आज आलीच नाही" असली थाप मारू नकोस! गप्प बसणं चालतं, फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं गुन्हा आहे. मागच्या दाराने तिला पळवायची हिरोगिरीही नको.

समीर_एमएस: पण ताई, आमची सगळी कुंडली सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांचा सरकारी डेटाबेस) आहेच ना? मग लपवायचं काय?

रजिस्ट्रारवाली ताई: एफ-१ वाल्यांची ठरावीक माहिती कॉलेजला सरकारला द्यावीच लागते, बरोबर. पण ते काम डीएसओचं (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा कॉलेजचा अधिकारी), काउंटरवरच्या पोराचं नाही. शिवाय ती मुलगी एफ-१ वर आहे की अमेरिकन नागरिक, हे तुला कुठे माहीत होतं? तू मात्र पत्ता बदललास तर १० दिवसांत डीएसओला कळव. त्यात आपली मुलं हमखास ढिली असतात.

डॉर्मचा_आरए: डॉर्मच्या (होस्टेलच्या) खोलीला घरासारखंच संरक्षण आहे. दार न उघडता कागद फटीतून सरकवायला सांगा. लॉन, लायब्ररीची लॉबी अशा सगळ्यांना खुल्या जागी मात्र ते येऊ शकतात. कॉलेजांपासून लांब राहायची २०११ पासूनची सूचना जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. आय-९४ ची (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) प्रिंट पाकिटात ठेवा, १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, तेव्हा वकिलाचा नंबर आत्ताच शोधून ठेवा.

समीर_एमएस: मॅनेजरला विचारलं, रात्री वकिलांचं ऑफिस बंद असतं तेव्हा कॅम्पस पोलिसांच्या डिस्पॅचला फोन करायचा म्हणाली. चालेल?

रजिस्ट्रारवाली ताई: तुमच्याकडे तसा लेखी नियम असेल तर चालेल. तिच्याकडून ईमेलवर मागून घे.