मांजर आणि ससा: एका खोलीत एकटे सोडावेत का?

हिरवा चाफा

आमच्याकडे बंड्या नावाचा चार वर्षांचा बोका आहे आणि कापशी नावाची अडीच वर्षांची ससुली. चौदा महिने दोघं एकाच हॉलमध्ये नांदली. कापशी त्याच्यापुढे मान खाली घालून बसायची, तो तिचं कपाळ चाटायचा, मग दोघं चटईवर शेजारी शेजारी लवंडायची. घरी आलेला प्रत्येक जण फोटो काढायचा. मीही शेकड्याने काढले.

गेल्या महिन्यात दिवेलागणीच्या वेळी कापशी हॉलभर पळत सुटली. आनंदात असली की ससे उडी मारून हवेतच अंग पिरगाळतात, तसं चाललं होतं. बंड्या सोफ्याखालून निघाला आणि थेट तिच्या पाठीवर झेपावला. मी ओरडले, तो लगेच बाजूला झाला. सगळं मिळून दोन सेकंद. तिला चाचपून पाहिलं, रक्ताचा थेंब नव्हता. सहाव्या दिवशी कानामागे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. डॉक्टर म्हणाले, नख किंवा दात लागलाय, आत पू धरलाय. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे तो वाहून जात नाही. भूल देऊन गाठ काढावी लागली. त्या रात्री ती जगेल की नाही, ह्या विचाराने मी तिच्याजवळ बसून होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मांजर आणि ससा कितीही गोडीने राहत असले, तरी जागं माणूस शेजारी नसताना त्यांना एका खोलीत ठेवू नये. बंड्या दुष्ट नाही. पण दबा धरणं, मागचा भाग हलवून नेम धरणं, झडप घालणं, मानेला धरणं ह्यातूनच मांजराचा खेळ बनतो, आणि ह्या खेळात जखम एकालाच होते. तुमचं मत काय?

तळ्यात मळ्यात

ताई, कापशीबद्दल ऐकून वाईट वाटलं. पण मत पटलं नाही. एका अपघातावरून सगळ्या जगासाठी नियम करताय.

आमचा ससा न्यूझीलंड व्हाइट, चार किलोचा. मांजरी जेमतेम तीन किलोची. घरात सत्ता सशाची. ती त्याच्या गवताजवळ गेली की हा पाय आपटतो, तरी हलली नाही तर हुंदडत अंगावर जातो आणि ती कपाटावर चढते. सहा वर्षं दोघं दिवसरात्र मोकळी आहेत. मी आणि बायको दोघंही नोकरीला जातो, म्हणजे रोज नऊ तास घरात तिसरं कोणी नसतं. एक ओरखडा नाही.

फरक कशाचा, तर आमच्याकडे ससा आधीपासून होता आणि मोठा होता. मांजरी दीड महिन्याची असताना आली. तिला कळायला लागलं तेव्हापासून ससा हा घरातला थोरला आहे. तुमचा बोका कुठून आणि केव्हा आला, ते तुम्ही लिहिलंच नाही.

सह्याद्रीचा वाटसरू

तळ्यात मळ्यात यांच्या म्हणण्याला जुन्या प्रयोगाचा आधार आहे. झिंग-यांग कुओ ह्या चिनी मानसशास्त्रज्ञांनी १९३० साली मांजराची पिल्लं तीन तऱ्हांनी वाढवली. उंदीर मारणाऱ्या मांजरांच्या सोबत वाढलेल्या २१ पैकी १८ पिल्लांनी उंदीर मारले. एकटी वाढलेल्या २० पैकी ९ पिल्लांनी मारले. उंदरांच्याच सोबत वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी मारले, आणि तेही दुसऱ्या जातीचे. ज्या जातीच्या उंदरांबरोबर ती वाढली, त्यांना एकाही पिल्लाने मारलं नाही.

शिकार मांजराच्या रक्तातच आहे, ती टळायची नाही, असं आपण सहज म्हणतो, पण त्यात बालपणाचा वाटा फार मोठा आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे भोवती असतं, ते पिल्लू आपलं मानतं. ससा त्या काळात भोवती असेल तर तो भक्ष्य ठरत नाही.

हिरवा चाफा

बंड्या दोन वर्षांचा असताना आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून घरात आला. त्याआधी तो उंदीर, चिमण्या, पाली खाऊन जगत होता. म्हणजे तुमच्या पहिल्या गटातला. हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं, मान्य.

पण त्याच आकड्यांतला मधला गट पाहा. कोणी शिकवलं नाही, कोणाला मारताना पाहिलं नाही, तरी २० पैकी ९ पिल्लांनी उंदीर मारले. आणि आपल्याकडची बहुतेक मांजरं रस्त्यावरून घरात येतात. त्यांच्या पहिल्या सात आठवड्यांत काय घडलं, हे कुणाला ठाऊक असतं? शिवाय माझा मुद्दा मारण्याचा नव्हताच. बंड्याला तिला मारायचं नव्हतं. तिला नुसतं नख लागलं आणि ती मरता मरता वाचली.

दवाखान्यातला

प्राण्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस आहे, डॉक्टर नाही. पण टेबलावर आलेले ससे खूप पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जखमेबद्दल. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात. मांजराचा दात सुईसारखा, त्यामुळे वरची कातडी लगेच मिटते आणि घाण आत राहते. सशाच्या दाट केसांत ते भोक दिसतही नाही. म्हणून मांजराने सशाला पकडलं असेल, तर रक्त दिसो न दिसो, त्याच दिवशी दाखवून घ्या. आणि कृपा करून मांजरासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने पाजू नका. त्याने पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा जखमेऐवजी औषधानेच जातो. पिसवांसाठी मांजराच्या मानेवर जे थेंब टाकतात, त्यांतल्या पुष्कळांत फिप्रोनिल असतं. ते सशाला विषारी आहे. ससा मांजराची मान चाटत असेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा, म्हणजे ते दुसरं औषध देतील.

आता तळ्यात मळ्यात यांना विचारतो. सहा वर्षांत ओरखडा नाही, हे उत्तमच. पण घाबरलेला ससा कसा दिसतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो ओरडत नाही, पळतही नाही. जमिनीला चिकटून दगडासारखा बसतो. कान पाठीला घट्ट दाबलेले, डोळे बाहेर आल्यासारखे, आणि एरवी सतत हलणारं नाक थांबलेलं. लोक म्हणतात, बघा किती शांत बसलाय मांजराशेजारी. तो शांत नसतो, आपल्याला कोणी पाहू नये म्हणून थिजलेला असतो. खरा निवांत ससा कुशीवर धपकन पडतो, मागचे पाय लांब सोडतो, डोळे अर्धे मिटतो.

ही भीती आतून मारते. ताणाने सशाचं आतडं मंदावतं, तो खाणं सोडतो, आणि न खाल्ल्याने आतडं आणखी मंदावतं. दहा-बारा तास ससा खात नसेल आणि लेंड्या पडत नसतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. अंगावर एकही जखम नसलेले ससे असे दगावलेले मी पाहिलेत. मालक सांगतात, ‘काहीच झालं नाही हो, मांजर फक्त पिंजऱ्यावर बसायचं.’

तळ्यात मळ्यात

तुमचं लिहिणं काळजीपूर्वक वाचलं. आमचा ससा रोज दुपारी मांजरीच्या पोटाला पाठ लावून कुशीवर पडतो. घरातल्या कॅमेऱ्यात ते दिसतं. घाबरलेला प्राणी पाठ देत नाही.

आणि दुसरी बाजू कोणी बोलतच नाहीये. वेगळं ठेवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय? दोन खोल्यांच्या घरात ससाच पिंजऱ्यात जातो, मांजराला कोणी कोंडत नाही. नऊ तास नोकरी आणि सात तास झोप, म्हणजे दिवसातले सोळा तास ससा दोन फुटांच्या जाळीत. धावायला जन्मलेल्या जनावराला असं ठेवणं ही इजा नाही का? ती गाठीसारखी हाताला लागत नाही, एवढंच. माझ्या सशाला मी तो तुरुंग देणार नाही, त्यासाठी थोडा धोका पत्करायला तयार आहे.

विदर्भातून

दोन्ही बाजू वाचल्या. माझं म्हणणं, मांजर असलेल्या घरात ससा आणूच नये. पोरांचा हट्ट म्हणून दुकानातून दीड महिन्याचं मुठीएवढं पिल्लू येतं आणि मोठ्या बोक्यासमोर ठेवलं जातं. चार किलोच्या सशाचे दाखले तिथे काय कामाचे?

आमच्याकडे उन्हाळ्यात हे आणखी बिकट होतं. सशाला तीस अंशांच्या वर त्रास व्हायला लागतो, आणि इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. गार फरशीची एकच खोली असते, तिथेच मांजर येतं, तिथेच ससा. वेगळं ठेवणार कुठे?

अजून एक. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू कोणी घरी आणू नका. तो वेगळा प्राणी, कायद्याने संरक्षित. दुकानातला ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा, त्याची पिल्लं उघडीनागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही, त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. ते एकटं दिसलं तरी आई जवळपास असते. आमच्या शेजाऱ्यांनी असं एक पिल्लू आणलं होतं. घरात मांजर होतं. पुढचं लिहवत नाही.

मेलबर्नहून

बालपणाचा प्रयोग खरा, पण मोकळ्या रानात काय होतं तेही सांगतो. टास्मानियाच्या अखत्यारीत मॅक्वारी नावाचं बेट आहे, अंटार्क्टिकाच्या वाटेवर. तिथे माणसांनी नेलेली मांजरं आणि माणसांनीच नेलेले ससे होते. मांजरं समुद्रपक्षी खातात म्हणून ती हटवली, शेवटचं मांजर २००० साली गेलं. त्यानंतर ससे इतके वाढले की डोंगरउतारावरची झाडोऱ्याची हिरवाई उजाड झाली. सशांवरच्या विषाणूचा प्रभाव ओसरणं हेही एक कारण होतं, पण मांजरं सशांवर जगत होती ह्यात वाद नाही. शेवटी ससेही हटवावे लागले आणि २०१४ साली बेट मुक्त जाहीर झालं. ससा तोच, आपल्या दिवाणखान्यातला.

तळ्यात मळ्यात यांचा पिंजऱ्याचा मुद्दा मात्र मला लागला. त्यावर माझं उत्तर मांजर हे नाही, दुसरा ससा हे आहे. दोघांची नसबंदी करून हळूहळू ओळख करून दिलेली जोडी. मांजर चाटतं, पण सशाने पाय आपटला तर त्याचा अर्थ सशालाच कळतो.

हिरवा चाफा

तुरुंगाचा मुद्दा मलाही लागला. म्हणून पिंजरा दिलाच नाही. आतल्या खोलीला पूर्ण उंचीचं जाळीचं दार बसवून घेतलं, सुताराने अर्ध्या दिवसात केलं. ती खोली कापशीची. फरशीवर ताग अंथरलाय, पलंगाखाली पुठ्ठ्याची खोकी, दोन्हीकडून भोकं पाडलेली, म्हणजे ती कोपऱ्यात सापडणार नाही. सकाळी हरळी आणि कोथिंबीर, बाकी दिवसभर वाळलेलं गवत. आमची झोपायची खोली गेली, आम्ही हॉलमध्ये झोपतो. प्रत्येकाला हे जमेल असं नाही, हे मान्य.

दुसऱ्या सशाचा विचार करतेय, पण तिची जखम भरल्यावर.

बंड्या रोज संध्याकाळी जाळीशी येऊन बसतो. पहिले काही दिवस कापशी पाय आपटून खोक्यात शिरायची. परवा तिने एकदाच पाय आपटला आणि तिथेच बसून गवत खात राहिली. काल ती जाळीपाशी गेली आणि तिने मान खाली घातली. बंड्याने जाळीतून जीभ लावायचा प्रयत्न केला. मी दार उघडलं नाही. दवाखान्यातले दादा, मान खाली घालताना तिचं नाक हलत होतं, कान सैल होते. हे मी बरोबर वाचतेय ना?

दवाखान्यातला

बरोबर वाचताय. नाक हलतंय म्हणजे ती घाबरलेली नाही. दार मात्र बंदच असू द्या, टाके पूर्ण भरेपर्यंत तरी. आणि बंड्याची नखं कापून घ्या, दर दोन आठवड्यांनी.