मदत हवी आहे : हवालदाराच्या तोंडी ३०२ की १०३?

नमस्कार मंडळी. माझी खूनकथा नोव्हेंबर २०२४ मध्ये, साताऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यात घडते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं. पण तीस वर्षं नोकरी झालेला हवालदार चहाचा कप बाजूला सारत संशयिताला काय म्हणेल? मी लिहिलंय, "बाळा, तीनशे दोन लागतंय तुला." कानाला हेच खरं वाटतं, 'एकशे तीन' म्हटलं की दरारा जातो. मग एफआयआरमध्ये १०३ आणि तोंडात ३०२ असं चालेल का? शिवाय माझा संशयित फार सलग बोलतो, घाबरलेला वाटतच नाही. पोलीस खात्यात, कोर्टात वावरणाऱ्यांनी कृपया सांगा, सध्या प्रत्यक्षात कानावर काय पडतं?