मदत हवी आहे : मोरोक्कोतील एस्सविरा येथे आईसोबत मुक्काम, योग्य हंगाम आणि थुयाचे कारागीर

नमस्कार.

येत्या वर्षभरात मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन मोरोक्कोला जाण्याचे ठरवले आहे. व्हिसाची चौकशी आम्ही स्वतंत्रपणे करत आहोत, त्यामुळे त्याबद्दल येथे काही विचारत नाही. प्रवासी कंपन्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत एस्सविरा हे अटलांटिक किनाऱ्यावरचे गाव माराकेशहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचे ठिकाण म्हणून येते. आम्हाला मात्र तेथेच राहायचे आहे. त्याचे कारण थोडे सविस्तर सांगितले तर सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल, म्हणून लिहिते.

माझे वडील सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकली करत. पांगाऱ्याचे लाकूड ते कातत आणि रंग आई देई. आंब्याच्या देठाशी येणारी तांबूस झाक तिच्यासारखी कोणालाच साधत नाही, असे ते म्हणत. ते गेल्यावर तिने कुंचले गुंडाळून माळ्यावर ठेवले. गेल्या दिवाळीत माझ्या एका मैत्रिणीने एस्सविऱ्याहून थुया या तिकडच्या झाडाच्या लाकडाची एक डबी आणली. तळहातात मावेल एवढी, गडद तपकिरी, आणि सर्वांगावर पाखराच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके असलेली. आईने ती आधी नाकाशी नेली. मग झाकण उघडून आतल्या कडेवरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवले, सांधा कोठे लागतो का ते पाहिले आणि म्हणाली, "ह्यां कातलेलां न्हय, गाठीतसून कोरलेलां आसा." तेव्हापासून ती डबी तिच्या उशाशी असते, आणि दर दोन दिवसांनी झाकण उघडून ती वास घेते. एवढ्या वर्षांत तिने स्वतःहून कोठे जाण्याची इच्छा बोलून दाखवली नव्हती. ही डबी करणारा माणूस कोणत्या हत्यारांनी काम करतो ते बघायचे आहे, असे तिने मला परवा सांगितले.

या गावाविषयी मी जे वाचले त्यावरून ते आम्हा कोकणातल्या माणसांना अगदी परके वाटणार नाही असे दिसते. पोर्तुगीजांनी १५०६ मध्ये येथे किल्ला बांधला, म्हणजे वसईचा किल्ला त्यांच्या ताब्यात येण्याच्या सुमारे तीन दशके आधी. युरोपीय लोक या जागेला मोगादोर म्हणत. आजचे गाव मात्र अठराव्या शतकातले आहे. सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्ला यांनी १७६० च्या दशकात ते नव्याने वसवले आणि त्याच्या आखणीत तेओदोर कोर्नू या फ्रेंच अभियंत्याचा मोठा वाटा होता. म्हणूनच मोरोक्कोच्या इतर जुन्या शहरांसारखे गल्ल्यांचे जाळे येथे नसून रस्ते सरळ आणि काटकोनात छेदणारे आहेत, असे वाचले. २००१ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता माझे प्रश्न. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण जिन्याच्या दहा-बारा पायऱ्यांनंतर तिला बसावे लागते. शिवाय तिच्या कानाला वारा सोसत नाही आणि एस्सविरा तर वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशा परिस्थितीत कोणता महिना निवडावा, आणि तटबंदीच्या आत राहावे की बाहेर समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला? माराकेशहून बसचा प्रवास तिला झेपेल का? जेवणाचा प्रश्न नाही, ती मासे आवडीने खाते. तिच्या सकाळच्या आठवणीत वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा लिलाव आहे, त्यामुळे तेथील बंदर तिला दाखवायचेच आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लाकडाचा आहे. कारागिराच्या शेजारी तासभर शांत बसून त्याचे काम पाहण्याची परवानगी मागायची असेल तर ती कशी मागावी, त्यासाठी पैसे देऊ करणे त्याला अपमानास्पद वाटेल का, आणि थुयाची गाठ काढण्यासाठी झाडच मुळासकट उपटले जाते हे खरे असेल तर आम्ही तेथून वस्तू विकत घ्याव्यात की नाही? या शेवटच्या प्रश्नाने मला खरोखर अस्वस्थ केले आहे. आईला मी अजून हे सांगितलेले नाही.

प्रतिसाद

आपला प्रश्न दोनदा वाचला. मी जोर्फ लासफार येथील फॉस्फेट उद्योगात काही वर्षे कामाला होतो आणि सुटी मिळाली की किनाऱ्याने साफीमार्गे एस्सविऱ्याला जात असे. तेथील लोक आपल्या गावाला नुसते 'स्वीरा' म्हणतात. तो शब्द तटबंदीसाठीच्या अरबी शब्दापासून आला आहे.

आधी वाऱ्याविषयी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे जोरात असतात आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी किनाऱ्यावर वाळू अक्षरशः पायांना टोचते. पतंगाच्या साहाय्याने लाटांवर खेळणारे लोक त्यासाठीच येतात. आपल्या आईंसाठी तो काळ योग्य नाही. ऑक्टोबर सर्वांत चांगला. वारा पुष्कळ उतरलेला असतो, पाऊस अजून धरलेला नसतो आणि माराकेशला दुपारी ऊन तापलेले असले तरी येथे बहुतेक वेळा एखादा स्वेटर पुरतो. थंड सागरी प्रवाहामुळे पाणी मात्र वर्षभर गारच असते. कानाला बांधायला रुमाल तरीही जवळ ठेवा. रमजानचा महिना येत नाही ना, तेवढे आधी पाहून घ्या, कारण त्या काळात दिवसा बरीच खाण्याची ठिकाणे बंद असतात.

एस्सविऱ्याला रेल्वे नाही. माराकेशहून सुमारे १८० किलोमीटरचे अंतर बस तीन तासांत कापते. रेल्वेशी संलग्न असलेल्या सुप्रातूर कंपनीच्या बस माराकेश स्थानकाच्या शेजारूनच सुटतात, शिवाय सेतेएम कंपनीच्याही आहेत. दोन्हींची आसने आधी राखून ठेवता येतात. वाटेत अर्गानची झाडे लागतात, ज्यांच्या बियांपासून तेल काढतात. झाडावर चढलेल्या शेळ्या दाखवण्यासाठी भाड्याची मोटार थांबवतात, परंतु काही ठिकाणी त्या शेळ्या केवळ छायाचित्रांसाठी चढवून ठेवलेल्या असतात. तेथे पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे. त्याऐवजी स्त्रियांच्या एखाद्या सहकारी संस्थेत थांबा. दगडावर दगडाने अर्गानची बी फोडणाऱ्या बायकांचा हात पाहणे आपल्या आईंना नक्की आवडेल. तेथे अमलू चाखायला मिळते. बदाम, मध आणि अर्गानचे तेल एकत्र वाटून केलेला हा पदार्थ पावाला लावून खातात.

मुक्काम तटबंदीच्या आतच करा. आतले रस्ते सपाट आहेत आणि मोटारी आत येत नाहीत. सामान वेशीपासून हातगाडीवाले नेतात, त्यांच्याशी दर आधी ठरवावा. जुन्या घरांची जी अतिथिगृहे झाली आहेत त्यांत मध्ये चौक आणि भोवती खोल्या, अशी आपल्या चौसोपी वाड्यासारखी रचना असते, पण जिने अरुंद आणि उभे असतात. खोली आरक्षित करताना तळमजल्यावरचीच हवी असे लेखी कळवा आणि ती समुद्राकडच्या तटाला लागून नसावी, असेही सांगा. त्या बाजूला ओल फार असते. एका अतिथिगृहात माझ्या उशीला रात्रभर बुरशीचा वास येत होता आणि दुसऱ्या दिवशी मला खोली बदलावी लागली.

बंदरावर निळ्या रंगाच्या लाकडी होड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. आपल्याकडची तारली तेथे ढिगाने येते. जुन्या शहरातल्या मासळीबाजारात मासे विकत घेऊन शेजारच्याच भट्टीवर थोड्या पैशांत भाजून घेता येतात. बंदराजवळच्या ठेल्यांपेक्षा मला ही पद्धत अधिक आवडते, कारण मासा आपण स्वतः निवडतो आणि ते काम आपल्या आईंना कोणी शिकवण्याची गरज नाही. लसूण, कोथिंबीर, जिरे आणि लिंबू यांचे शेर्मूला नावाचे वाटण लावलेली तारली त्यांनी अवश्य खावी.

प्रतिसाद

लाकडाच्या प्रश्नापुरते मी लिहितो. माझे स्वतःचे फर्निचरचे काम आहे आणि मी एस्सविऱ्याला केवळ थुया पाहण्यासाठी गेलो होतो.

समुद्राकडच्या तटावर जुन्या युरोपीय तोफांची रांग आहे. त्या तटाच्या पोटात कमानीच्या खोल्या आहेत, पूर्वीच्या कोठारांच्या, आणि त्यांतच आज कारागिरांची दुकाने चालतात. काही ठिकाणी फक्त विक्री होते. ज्या दाराशी भुसा पडलेला असेल आणि आतून पॉलिश-कागदाचा आवाज येत असेल तेथे थांबा. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर प्रवाशांचे जथे आलेले नसतात. आत शिरताना 'सलाम अलेकुम' म्हणावे, आईंनी ती डबी पुढे करावी आणि शक्य असल्यास वडिलांनी केलेले एखादे लाकडी फळ सोबत न्यावे. भाषेची अडचण त्यानंतर फारशी राहणार नाही. नुसते बसून पाहण्याचे पैसे देऊ करू नयेत. चहा विचारतील, तो घ्यावा, आणि निघताना त्याच कारागिराकडून, फार घासाघीस न करता, एक वस्तू घ्यावी.

आता तुमच्या अस्वस्थतेविषयी. तुम्ही वाचले ते खरे आहे. थुयाची गाठ जमिनीलगत, खोड आणि मूळ यांच्या जोडावर वाढते. खोड तोडले तर हे झाड बुंध्यातून पुन्हा फुटते, जे सूचिपर्णी वृक्षांत क्वचितच आढळते. परंतु गाठ खणून काढली की ते फुटणेच संपते. रोमन काळापासून या गाठीला मागणी आहे आणि रोमन वक्ता सिसेरोने अशा लाकडाच्या एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजल्याचे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. म्हणजे हा ताण दोन हजार वर्षांचा आहे. माझे मत असे की मोठी मेजे आणि जाड फळ्यांच्या वस्तू घेऊ नयेत. लहान डबी, किंवा साध्या खोडाच्या लाकडावर लिंबाच्या लाकडाचे आणि शिंपल्याचे जडावकाम केलेली वस्तू घ्यावी. खोडाच्या लाकडावर सरळ रेषा दिसतात, ठिपके नसतात, त्यावरून ते ओळखता येते. जडावकामात कारागिराचे श्रम अधिक असतात आणि गाठ लागत नाही.

एक सावधगिरी. मी घेतलेली मोठी पेटी पुण्याच्या उन्हाळ्यात तडकली, कारण लाकूड पुरते वाळलेले नव्हते. वस्तू हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानाने फार जड आणि आतून गार लागली तर सोडून द्या. आईंचे नख हे माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसादांत गनावा संगीताचा उल्लेख राहिला आहे, म्हणून थोडी भर घालते. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी हे संगीत जपले आहे. तीन तारांचे, खोल आवाजाचे गिंब्री हे वाद्य आणि लोखंडी चिपळ्यांसारखे कराकेब, एवढ्यावर ते उभे राहते. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या शेजारी वाढलेल्या कोकणी माणसाच्या मनात ते ऐकताना आफ्रिकेच्या दोन बाजूंनी बाहेर गेलेल्या माणसांचा विचार आल्याशिवाय राहत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेला, जूनच्या आसपास होणारा गनावा महोत्सव गर्दीचा असतो, आईंसाठी तो टाळावा. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी चौकांत आणि काही उपाहारगृहांत वादन ऐकायला मिळते. रात्रभर चालणारी 'लीला' हा मात्र उपचाराचा विधी आहे. कोणी बोलावले तरच जावे आणि चित्रीकरण करू नये.

जुन्या यहुदी वस्तीतले बैत दाकिरा हे स्मृतिस्थळही पाहा. जीर्णोद्धार केलेल्या एका प्रार्थनामंदिरात ते आहे. यहुदी व्यापारी आणि कारागीर एकेकाळी या गावाच्या लोकसंख्येचा मोठा भाग होते, आणि विसाव्या शतकात ते जवळजवळ सगळे निघून गेले. अलिबागकडच्या बेने इस्रायली लोकांची रिकामी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या गल्लीत वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरला आहे, चार रात्री, तटबंदीच्या आत, आणि तळमजल्यावरची खोली चौकाकडे उघडते असे अतिथिगृहाकडून लेखी उत्तर आले आहे.

गाठीविषयीचा प्रतिसाद मी काल आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. पांगारा तोडला की फांदी रोवून पुन्हा येतो, असे तिने नंतर सांगितले, आणि तेथून गाठीची वस्तू आणायची नाही, जडावकामाची एखादी आणू, असे तिनेच ठरवले. आज सकाळी तिने माळ्यावरून कुंचल्यांचे गाठोडे काढायला लावले. वडिलांनी कातलेला, रंग न दिलेला एक आंबा त्यात होता. तो रंगवून ती सोबत नेणार आहे.

एकच शंका राहिली आहे. विमानात हातातल्या सामानात लहान कुंचले आणि पाण्यात कालवायचे रंग नेण्यास अडचण येते का? तेथे बसून देठाशी शेवटचा हात फिरवावा, असे तिच्या मनात आहे.